बांधावरचे नऊ तुरे

"पानं मोज," फिल-नाम आक्का भिंतीपलीकडून म्हणाली. "तुझ्या बाजूच्या रोपाची. खालून वर."

मी अजून तोंडही धुतलं नव्हतं. आमच्या दोन घरांमधली भिंत कमरेएवढी आहे, त्यामुळे मी नुसती वाकले आणि मोजली.

"चार पिवळी, चार हिरवी."

"नीट मोज."

"चारच आहेत, आक्का. काल संध्याकाळी मोजायला लावलीस तेव्हाही चारच होती. परवा साडेतीन होती."

"निम्मी पिवळी, म्हणजे आज लसूण काढायचा," ती म्हणाली आणि तिथंच वाफ्याच्या कडेला मटकन बसली. एकोणसत्तर वर्षांची बाई, पण चेहरा असा, की जणू सहलीची गाडी दाराशी येऊन थांबली आहे आणि हिला अजून बूट सापडत नाहीत. "हे-रिमच्या आई, तू न्याहारी करून ये. नको, आधी ये. न्याहारी नंतर करू. नाही, तू खाऊनच ये, मग मध्येच उठून जाशील."

मी न खाताच गेले. मलाही घास गेला नसता.

आक्का आमच्या शेजारी राहायला येऊन दोन वर्षं झाली होती. मूळची याच गावची. चार बहिणींतली धाकटी, आणि तिच्या पाठीवर एक भाऊ. लग्न होऊन दूर देगू शहरात गेली. नवरा तिथं सिटी बसवर ड्रायव्हर होता. ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात लागली आणि सत्तावीस वर्षं तिनं रोज सहाशे मुलांचा भात शिजवला. कोपरापासून मनगटापर्यंत तिचे हात वाफेनं भाजलेल्या डागांनी भरलेले आहेत. नवरा गेल्यावर ती परत आली आणि आमच्या शेजारचं रिकामं घर भाड्यानं घेतलं. बापाचं घर आणि शेत भावाकडे, छांग-ग्यूकडे. ते गावाच्या वरच्या अंगाला. त्याबद्दल ती कधी वाकडं बोलली नाही. एकदाच सहज म्हणाली होती, "वडील गेले तेव्हा हक्क सोडायचा कागद आला, मी शिक्का मारला. डाळ शिजत होती, वाचायला वेळ कुठे होता?"

छांग-ग्यू आमच्या गावात लसणाचा मोठा शेतकरी. त्याच्या वडलांच्या वेळेपासून त्या शेतात लसणाशिवाय काही लागलं नाही. पण गेली चार-पाच वर्षं गड्डा बारीक पडत चालला होता. औषधं झाली, खतं झाली, मातीची तपासणी झाली. विचारलं तर तो हवेवर ढकलायचा.

आक्का आली त्या जूनमध्ये ती भावाच्या शेतावर गेली होती. मीही बरोबर होते. मे संपता संपता आम्ही सगळेच लसणाचे कोवळे दांडे उपटून घेतो. दांडा ठेवला तर तुरा येतो आणि खालचा गड्डा पोसत नाही. पण बांधाच्या कडेला, गवतात दडलेली नऊ रोपं उपटणाऱ्यांच्या नजरेतून सुटली होती. त्यांना तुरे धरले होते. आक्का त्यांच्यापुढे उकिडवी बसली आणि बराच वेळ उठलीच नाही.

"छांग-ग्यू, ही नऊ मला राहू दे. महिनाभर हात लावू नकोस."

"काय करणार त्यांचं?"

"तुऱ्यात दाणे भरतील. ते पेरीन."

छांग-ग्यू हसला. तसा वाईट माणूस नाही तो, पण हसण्याचा आवाज मोठा आहे. "ताई, ते कोंबड्यांना घाल. लसूण पाकळीनं लावतात. दाण्यानं लावायला तो काय मुळा आहे?"

"आई लावायची."

"आई? मी जन्मभर याच शेतात आहे. मला कधी दिसली नाही ती."

"तुला कशी दिसणार," आक्का म्हणाली आणि तुऱ्यांभोवतीचं गवत बाजूला करायला लागली.

जुलैत तिनं तुरे खुडून आणले. गव्हापेक्षा थोडे मोठे, जांभळट दाणे निघाले, एकशे तीस. ऑक्टोबरात तिनं ते परसात पेरले, वर भाताचा पेंढा पसरला. पुढच्या जूनला गोट्यांएवढे लसूण निघाले. नुसती एककळी, पाकळीच नाही. एकशे बारा. गावच्या सभागृहात म्हाताऱ्या जमतात तिथं ती गोष्ट चांगली आठवडाभर पुरली. शाळेत सहाशे पोरांचं जेवण करणारीनं वर्षभर राबून एका भाजीपुरता लसूण काढला, म्हणून. आक्काही त्यांच्यात बसून हसली. मग ऑक्टोबरात तिनं तेच एकशे बारा गोटे परत जमिनीत घातले. खायला एकही ठेवला नाही.

तेव्हा छांग-ग्यू भिंतीपाशी उभा राहून म्हणाला, "ताई, पैज लाव. पुढच्या जूनमध्ये तुझा एक गड्डा आणि माझा एक गड्डा. तुझा भारी निघाला तर तुझं सगळं परस मी गुडघ्यावर बसून काढून देतो. तू बोराच्या झाडाखाली पंखा घेऊन बस."

"आणि तुझा निघाला तर?"

"तर माझ्या बियाण्याच्या सगळ्या पाकळ्या तू सोडवायच्या."

"त्या तर मी लहानपणीच सोडवून ठेवल्यात," आक्का म्हणाली. "तरी लाव."

हिवाळा फार कडक गेला. फेब्रुवारीत पेंढा बाजूला केला तेव्हा एकशे आठ कोंब वर आले होते. तेव्हापासून छांग-ग्यूला आमच्या गल्लीत काहीतरी कामं निघायला लागली. कधी माझ्या नवऱ्याकडून करवत मागायला, कधी ती परत करायला. करवत घेताना त्याची नजर भिंतीपलीकडे. एप्रिलमध्ये पातीची बोटभर रुंदी बघून तो म्हणाला, "पाला काय, पाला कुणालाही येतो." मेमध्ये तो काहीच म्हणाला नाही. नुसती करवत घेऊन गेला, आणि ती अजून त्याच्याकडेच आहे.

तर त्या सकाळी आम्ही दोघी वाफ्याशी बसलो. आक्कानं खुरपं रोपापासून चार बोटं लांब खुपसलं, माती उचलली, बुडखा धरला आणि थांबली.

"तू काढ."

"मी कशाला? तुझा लसूण."

"हे एकटीनं नाही व्हायचं, हे-रिमच्या आई. मी सत्तावीस वर्षं उकळत्या कढया उचलल्या, पण कधी कुणाला हाक मारली नाही."

"मग दोघी काढू."

दोघींनी धरून ओढला. माती सुटल्याचा बारीक आवाज झाला आणि गड्डा वर आला. मुळ्यांची दाट दाढी, पांढरा, मुठीत मावेना असा. आक्कानं अंगठ्यानं माती पुसली. मग पुन्हा पुसली. मग तिचा अंगठा थांबला.

गड्डा गुळगुळीत होता. गोल. कुठेही पाकळीचा उंचवटा हाताला लागत नव्हता.

गेल्या वर्षीसारखाच एककळी, फक्त मोठा झालेला. सगळा वाफा असाच निघाला तर पुन्हा एक वर्ष आणि पुन्हा म्हाताऱ्यांची टिंगल. आक्कानं तो गड्डा मांडीवर ठेवला आणि शेजारच्या रोपाजवळ खुरपं खुपसलं.

दुसरा वर आला. तिनं माती झाडली, डोळे मिटले आणि बोटं फिरवली. मी तिच्या ओठांकडे बघत होते.

"एक," ती म्हणाली. "दोन. तीन." बोट गड्ड्याभोवती फिरत होतं. "चार. पाच." आणि मग बोट अडलं.

"आक्का?"

"सहा," ती म्हणाली. डोळे उघडून तिनं पुन्हा मोजलं. "सहा आहेत. बरोबर सहा. आईच्या लसणाला सहाच असायच्या, सातवी कधी नाही. बघ, तू मोज."

मी मोजल्या. सहा फुगीर पाकळ्या, मुलांनी गोल करून हात धरावेत तशा, आणि सालीवर जांभळट रेघा. तिसरा सहाचा. चौथा सहाचा. पाचवा पुन्हा गोल निघाला, तेव्हा आम्ही दोघी हसायलाच लागलो. आता गोल निघाला तरी चालणार होतं. गोल तो फक्त पुढच्या वर्षीचा उधार होता.

"थांब, थांब," आक्का एकदम म्हणाली. "काढू नकोस आता. छांग-ग्यूला बोलव. पैज आहे. तो यायच्या आत सगळा काढला तर म्हणेल, निवडून ठेवलास."

मी फोन केला. तो इतक्या लवकर आला, की वाटेतच असावा. बरोबर त्याची बायको मि-रान आणि सभागृहाकडे निघालेल्या दोन म्हाताऱ्या, त्यांना रस्त्यात बातमी लागली होती. छांग-ग्यूनं शर्टाच्या खिशातून आपला गड्डा काढला. आदल्याच दिवशी त्याचं शेत निघालं होतं, आणि हा त्यातला सगळ्यात मोठा हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

मी माझा स्वयंपाकाचा काटा आणून ओट्यावर ठेवला. त्याचा गड्डा बावन्न ग्रॅम भरला.

"बरा आहे," आक्का म्हणाली. तिनं तिचा ठेवला.

आकडा थोडा डळमळला आणि एकाहत्तरवर थांबला.

"काटा खराब आहे," छांग-ग्यू म्हणाला.

"तुझाही त्याच्यावरच ठेवला होता," मि-रान म्हणाली.

त्यानं आक्काचा गड्डा उचलला, उलटा केला, बुडाचा मुळ्यांचा चट्टा नखानं खरवडला, नाकाशी नेला. एक म्हातारी म्हणाली, "काय हुंगतोस, लसूणच आहे तो." तो हसला नाही. बाह्या सरसावून वाफ्यात गुडघ्यांवर बसला.

पैजेप्रमाणे आक्का बोराच्या झाडाखाली बसली. पंखाही घेतला. पण तिथं बसणं तिला जमणारं नव्हतं.

"बुडख्याला ओढू नकोस, आधी माती सैल कर."

"ताई, मी चाळीस वर्षं लसूण काढतोय."

"मशीननं काढतोस. मशीनला काय, ती कापतच येते. ए, तो खुरप्याला लागला. बाजूला ठेव, तो आधी खायचा."

सगळं परस हसत होतं. मि-राननं निघालेले गड्डे पानांसकट एका दिशेला ओळीनं मांडायला घेतले. मी बार्लीचा गार चहा आणला. पहिला वाफा संपेपर्यंत चौऱ्याण्णवातले सत्याऐंशी सहा पाकळ्यांचे निघाले होते. प्रत्येक वेळी आक्का झाडाखालून विचारायची, "किती?" आणि छांग-ग्यू मान वर न करता म्हणायचा, "सहा."

दुसऱ्या, लहान वाफ्यातले चौदाच राहिले तेव्हा तो थांबला. टाचांवर बसून त्यानं कपाळ पुसलं.

"ताई, आईनं मला का नाही सांगितलं हे?"

पंखा थांबला. आक्काच्या आवाजात राग नव्हता.

"आम्ही चौघी मागच्या पडवीत दाणे निवडायला बसायचो. आई हातांनी करायची आणि तोंडानं सांगायची. दर पाच वर्षांनी बियाणं म्हातारं होतं, मग तुऱ्यावरून नवं उठवायचं. तू आतल्या खोलीत अभ्यास करत असायचास. आवाज करू नका म्हणून आम्हाला बाहेर बसवलेलं असायचं."

तो खाली मातीकडे बघत राहिला. मि-रान हातातला गड्डा ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "सांगा ना ताईंना. मी सांगू का?"

"तू गप्प बैस."

"आम्ही शेत देतोय," मि-रान म्हणाली. "सौरऊर्जेची पॅनेलं बसवणारे लोक येऊन गेले. वीस वर्षांसाठी. पुढच्या सोमवारी सही. यंदा तिसरा हिस्सा शेतातच सडला. कुणाला कळू दिलं नाही यांनी."

सगळा वेळ चाललेली थट्टा कुठं गेली कळलं नाही. आक्का उठली. सावकाश चालत वाफ्यापाशी आली आणि भावासमोर उकिडवी बसली, जशी दोन वर्षांपूर्वी त्या नऊ तुऱ्यांपुढे बसली होती.

"सही झाली?"

"नाही. सोमवारी आहे."

"हा लसूण कुठला आहे ठाऊक आहे ना तुला? तुझ्याच बांधावरचा. तुझंच बियाणं आहे, बाहेरून काही आणलेलं नाही. शेत आजारी नाहीये, छांग-ग्यू. बियाणं म्हातारं झालंय."

"हे एवढंसं परस आहे, ताई. तिथं सत्तर हजार पाकळ्या लागतात."

"सहाशे पोरांचा हिशेब मी तोंडानं करायचे," आक्का म्हणाली. तिचे डोळे आता लुकलुकायला लागले होते. "आज सहाशे पाकळ्या धर. पुढच्या वर्षी साडेतीन हजार. त्याच्या पुढे वीस-एकवीस हजार. चौथ्या जूनला सगळं शेत भरून वर उरतात. मध्ये तुरे ठेवत गेलो तर आणखी लवकर. बाकीच्या जागेत तोवर सोयाबीन लाव, जमिनीलाही बरं."

"चार वर्षांनी तू त्र्याहत्तरची."

"आणि तू एकोणसत्तरचा. आज मी आहे तेवढा. मी काय बसून आहे?"

मि-राननं तोंडावर हात ठेवला होता. मी बघितलं, तिला हसू येत होतं आणि रडूही.

"हा सगळा तू देणार?" त्यानं शेवटी विचारलं. "दोन वर्षं तू एक पाकळी खाल्ली नाहीस. लोणचं घालणार म्हणत होतीस."

"एक खाईन," आक्का म्हणाली. "तो तू खुरप्यानं कापलास ना, तो."

मी धावत घरातून भात आणला, सोयाबीनची आंबवलेली चटणी आणली, कोवळी पानं आणली. आक्कानं तो गड्डा फोडला. सहा पाकळ्या, आणि आम्हीही सहाच जण होतो. प्रत्येकाच्या वाट्याला एक. पानात भात, त्यावर चटणी, वर कच्ची पाकळी. पहिल्यांदा काही वाटलं नाही, आणि मग ती जिभेवरून घशात उतरली आणि सगळ्यांचेच डोळे पाणावले. म्हातारी खोकत म्हणाली, "हाच तो. हाच तुझ्या आईचा." छांग-ग्यू बराच वेळ चावत राहिला. त्याचे डोळे सगळ्यांपेक्षा लाल झाले होते, आणि ते सगळं काही लसणानं नव्हतं.

सोमवारी सही झाली नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही वर शेतावर गेलो. छांग-ग्यूनं दोन लांब वाफे तयार करून ठेवले होते, मापाची दोरीही ताणली होती. त्याच्या खिशात एक लहान वही होती. आक्का सांगायची आणि तो उभ्या उभ्या लिहून घ्यायचा. पाकळी किती खोल, मुळाची बाजू कुठली, पेंढा कधी घालायचा, किती तुरे राखायचे. एके ठिकाणी त्यानं विचारलं, "बोटाचं दुसरं पेर की पहिलं?" आक्कानं आपलं बोट मातीत खुपसून दाखवलं, तेव्हा त्यानं वहीत बोटाचं चित्रच काढलं.

आक्का पुढे पाकळ्या लावत गेली, मि-रान आणि मी मागून माती ओढत गेलो. दुपारपर्यंत तिच्या टोपलीचा तळ दिसला. दुसऱ्या वाफ्याच्या पाऊण भागात शेवटची पाकळी संपली. वरच्या रस्त्यानं एक ट्रॅक्टर चालला होता. शेजारच्या शेताचा मालक थांबून ओरडला, "छांग-ग्यू, यंदा एवढाच लावलास? कुणाचं बियाणं?"

"ताईचं," छांग-ग्यूनं उत्तर दिलं. "उरलेलं यायचंय."

आम्ही डबे उघडले. जेवून झालं तेव्हा आक्का कुठं दिसेना. मी उठून बघितलं. लावलेल्या वाफ्यांच्या पलीकडे, शेताच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथं लसूण पोचायला अजून चार वर्षं होती, तिथं ती कमरेत वाकली होती. सोयाबीन काढून झालेली ती जमीन मोकळी पडली होती. ती दगड वेचत होती. एक उचलायची, हातात तोलायची आणि बांधावर टाकायची. मग एक पाऊल सरकायची आणि पुढचा उचलायची.